हसरी अळी

मी दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर हिरवी अळी सोडली. टोपी घातलेली, गालात हसणारी, वळवळत जाणारी अळी. ज्यांना ते पत्र गेलं, त्यांची उभी कपाशी आदल्या साली अळीनं खाल्ली होती. खामगावसारख्या कापसाच्या गावात जन्म काढून ही कामगिरी करायला अंगात गुण लागतात. मला पडद्यावरचे झाडून सारे फॉन्ट ओळखता यायचे, बोंडअळी तेवढी ओळखता येत नव्हती.

पत्र माझं नव्हतं, चाचांचं होतं. माझ्या इंटरनेट कॅफेच्या भिंतीला भिंत लावून त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान. कॅफे म्हणजे काय, तर खुर्च्या भरपूर, कॉम्प्युटर कमी आणि वीज असली तर असली. गिऱ्हाईक नसलं की मी चाचांकडे जाऊन बसे, आणि त्यांचं गिऱ्हाईक आटल्यापासून ते माझ्याकडे येऊन बसू लागले.

चाचा आयुष्यात कशाचीच हमी देत नसत. शेतकरी पाकीट हातात घेऊन विचारायचा, चाचा, बी चांगलं आहे ना? चाचा म्हणत, "उगोलं त म्हनू." पाऊस येईल का, पोरगा दहावी काढेल का, सगळ्याला तेच. मी कॅफे काढला तेव्हा पेढा तोंडात टाकतानाही ते हेच म्हणाले होते. मला तेव्हा राग आला होता. पुढं कॅफेकडे पाहून गेला.

एकदाच त्यांनी हमी दिली. सोनाळ्याचे वामनराव म्हणजे त्यांचे शाळेतले, एका फळीवर बसणारे मित्र. ईदेला शीरखुर्म्याची पहिली वाटी वामनरावांची आणि दिवाळीला चाचांचा मुक्काम सोनाळ्याला, हे ठरलेलं. बीटी कपाशीचं नवं पाकीट आलं तेव्हा वामनरावांनी विचारलं, याले अळी लागत नाही म्हणतात, खरं का? आणि चाचा म्हणाले, "मी हाय ना." पाकिटावर छापलेलं एक आणि आत भरलेलं दुसरं, हे चाचांना दसऱ्याला समजलं. वामनरावांना पोळ्यालाच समजलं होतं. त्यांनी बैलजोडी विकली, शेत बटाईनं दिलं आणि ते पुण्याला पोराकडे निघून गेले. जाताना दुकानावरून गेले, थांबले नाहीत.

चाचा फोन लावायचे. पोरगा म्हणायचा, बाबा बाहेर गेलेत. वर्षभर बाबा बाहेरच होते. मग कुणाकडून तरी पोराचा ईमेलचा पत्ता मिळाला आणि चाचा माझ्यासमोर येऊन बसले. त्या साली ईद आणि दिवाळी एकाच आठवड्यात आल्या होत्या. मी हलणारी शुभेच्छापत्रं करतो, हे त्यांना ठाऊक होतं. मी गावभर सांगत फिरायचो, ठाऊक नसायला काय झालं.

त्यांना चांद हवा होता, दिवा हवा होता आणि मधे कपाशीचं झाड, त्यावर उमलणारं बोंड. मी बोंड केलं. ते फट्‌कन उघडलं. चाचा म्हणाले, "लाही फुटते अशी. कापूस हळू फुटते बाबू, जरा दम धर." मग रमजानच्या त्या दिवसांत रोज दुपारी ते उपाशीपोटी शेजारी बसत आणि मी चित्रामागं चित्र जोडत बोंड हळू करत नेई. एवढा कामाला मी शाळेत लागलो असतो, तर कॅफे काढायची वेळ आली नसती.

मजकूर काय लिहू, म्हटलं. मी दोन कविता सुचवल्या, माझ्याच. त्यांनी त्या ऐकून घेतल्या. मग म्हणाले, "लिही. वामन्या, बोल." आणखी काही? "नाही. तेवढंच."

शेवटच्या दिवशी ते रोजा सोडायला उठून गेले आणि मला झाड मोकळं मोकळं वाटलं. तयार चित्रांच्या सीडीत ती अळी होती. पानावरून निघते, बोंडापाशी जाते, टोपी उचलून हसते. मला ती गोड वाटली. बसवली आणि पाठवून दिली.

चाचा रोज विचारायचे, "आलं का?" एक दिवस आलं. पोरानं लिहिलं होतं, बाबांनी पाहिलं, कृपया पुन्हा पाठवू नका. चाचांनी पत्र बघायला मागितलं. चांद, दिवा, हळू हळू उमलणारं बोंड, वर 'वामन्या, बोल', आणि खालून ती आली. त्यांनी तिला तीनचारदा येऊन हसून जाऊ दिलं. मला वाटलं, आता कानाखाली बसते. बसली असती तर बरं झालं असतं.

"त्याले वाटलं असन," चाचा म्हणाले, "मीच हासून राह्यलो."

मी त्याच दुपारी पुण्याला लांबलचक माफी लिहिली. अळी माझी आहे, चाचांनी ती पाहिलीसुद्धा नव्हती, गाढव मी आहे. उत्तर आलं नाही. चाचांनी विचारणंही सोडलं. दुकान उघडायचे, नवं बियाणं मागवायचे नाहीत. कुणी हमी मागितली तर 'उगोलं त म्हनू' एवढंही म्हणत नसत, नुसते बघत. मृगाच्या आधी, लोक पेरणीच्या घाईत असताना, छातीत कळ येऊन ते गेले.

त्यानंतर काही दिवसांनी एक उंच म्हातारा कॅफेत आला. शेजारच्या बंद शटरकडे बराच वेळ पाहून आला होता. म्हणाला, मी सोनाळ्याचा वामन. मी खुर्ची पुसली. माझं माफीचं पत्र मिळालं होतं का, एवढंच विचारता आलं.

"हाव. पोरानं वाचून दाखोलं होतं. येतो येतो म्हनता राहून गेलं."

मग त्यांनी ते कार्ड पाहायला मागितलं. मी लावलं. त्यांनी 'बोल' या शब्दावरून बोट फिरवलं. अळी आली, हसली, गेली, पुन्हा आली. मला सहन होईना. बंद करायला गेलो तर कॉम्प्युटर अडकला. बटणं दाबली, माउस आपटला, ती आपली टोपी उचलतेच आहे.

वामनरावांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"अळी सोडता येते तुले, मारता येत नाही," ते म्हणाले. "तू त्या बियाण्याच्या कंपनीतच नोकरीले लाग बे."