वरच्या मजल्यावरचे सर आणि त्यांचा एकुलता एक शत्रू

आपल्याला एकही शत्रू नाही म्हणून दुःखी असलेला माणूस मी अख्ख्या तंजावुरात एकच पाहिला: आमच्या वरच्या मजल्यावरचे सर. जन्मभर केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेले, विधुर, दोन्ही गुडघ्यांनी कुरकुरणारे, आणि ख्रिस्ती असे, की त्यांच्या चर्चचे पाळकसुद्धा त्यांना पाहून जरा सावरून बसत. जेवणाआधीची प्रार्थना बाकीचे लोक मनात उरकतात. सर हॉटेलातही ती मोठ्याने करत, आणि तिच्यातून कोणी सुटत नसे. आचारी, वाढपी, ओरत्तनाडुला भात पिकवणारा शेतकरी, तांदूळ आणणारा लॉरीवाला, लॉरीवाल्याची बायको. एकदा डोसा ठेवून वाढपी निघाला, तर प्रार्थनेत नेमकं त्याचं नाव निघालं. बिचारा हात जोडून उभाच राहिला. शेजारच्या टेबलावरच्या चौघांनी हातातले घास खाली ठेवले. ‘आमेन’ झालं तेव्हा डोसा चामट झाला होता, सांबार गार झालं होतं आणि गल्ल्यावरचा मालक डोळे पुसत होता, कारण शेवटी त्याच्या मुतखड्याचाही उल्लेख झाला होता. स्कूटर सुरू करण्याआधीही सर प्रार्थना करत. ती मात्र रस्त्यावरच्या इतरांसाठी असे, आणि त्यांचं चालवणं पाहता ते योग्यच होतं.

खोटं बोलायचं नाही, हा दुसरा हट्ट. माझ्या भाचीच्या लग्नात व्हिडिओवाल्याने त्यांच्यापुढे माईक धरला, “सर, नवरामुलगा तुमचा विद्यार्थी. दोन शब्द बोला.” सर म्हणाले, “मुलगा गुणी आहे. परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहायचा, पण शेजारी निवडताना कधी चुकला नाही.” भाची लाजली. तिच्या सासूबाई लाजल्या नाहीत.

त्यांची मुलगी बंगळूरला असते. तिच्या घरी आता कोणी चर्चला जात नाही. भांडण नाही, राग नाही, नुसतं राहून गेलं. इथल्या चर्चमधलेही बाक हळूहळू मोकळे होत गेले. सर आठ जणांच्या बाकावर एकटेच बसत, आणि बाक रिकामा दिसू नये म्हणून गाण्याचं पहिलं कडवं या टोकाला म्हणत, दुसरं त्या टोकाला.

असे हे सर एका सकाळी आमच्याकडे आले, कॉफीला नको म्हणाले आणि खुर्चीत बसून राहिले. “अम्मा, येशूच्या बाकीच्या आज्ञा कशाबशा पाळतो मी. पण शत्रूवर प्रेम करायचं, तर शत्रू पाहिजे ना? पंच्याहत्तर वर्षं झाली. तुझ्याकडे एखादा जास्तीचा असेल तर बघ.”

मी माझी नणंद सुचवली. सरांनी विचार केला. “नको. तिचे रव्याचे लाडू मला आवडतात.”

त्याच महिन्यात आमच्या बिल्डिंगला नवे सेक्रेटरी मिळाले. निवृत्त इंजिनियर, देवबीव न मानणारे, शिस्तीचे. त्यांनी फलकावर नोटीस लावली: जिन्यात आणि गेटाच्या आत कुठल्याही धर्माची सजावट आणि गाणं-बजावणं चालणार नाही. माझा दारातला रांगोळीचा कोलम वाचला, कारण त्याची गणना भूमितीत झाली. सरांचा नाताळचा कागदी तारा आणि जिन्यातली गाणी मात्र गेली. सर एरवी तमिळच बोलत, पण फार आनंद झाला की माझ्या वडिलांकडून उचललेली मराठी बाहेर पडे. गुडघे विसरून ते जिना उतरत आले, “गावला! गावला!”

आणि मग त्यांनी सेक्रेटरींवर जे प्रेम केलं, ते कोणाच्या वाट्याला येऊ नये. रोज केळी. रोज गाडी पुसलेली. रोज दारात उभं राहून त्यांच्या रक्तदाबासाठी प्रार्थना, ज्याने तो वाढे. शेवटी सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, “सर, मला त्रास होतोय.”

“तुम्हाला? अहो, छळ मी सोसायचा असतो!”

पण पावसाळ्यात सेक्रेटरींना डेंग्यू झाला. बायको मुलीच्या बाळंतपणाला गेलेली, घरात दुसरं कोणी नाही. हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा त्यांच्याने उभं राहवत नव्हतं. सर दिवसातून चार वेळा पेज घेऊन जिना उतरत. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी हळूच म्हणाले, “सर, पेज द्या. प्रार्थना मात्र नको. मी मानत नाही, आणि नाही म्हणायला आता ताकदही नाही.”

त्या दुपारी सर आमच्याकडे येऊन बसले. “केली नाही, अम्मा. त्यांच्या उशाशी बसलो, ताप परत चढलेला, आणि मी तोंड मिटून बसलो. मनातसुद्धा सुरू झाली की थांबवत होतो. इतकं अवघड मला आजवर काही गेलं नव्हतं.”

सेक्रेटरी बरे झाले. नोटीस तशीच राहिली. नाताळला सरांनी नियम मोडला नाही. गेटाबाहेर रस्त्यावर जाऊन एकटेच गायले. दुसऱ्या गाण्याला सेक्रेटरी घरातून खुर्ची घेऊन गेले. “देवासाठी नाही,” त्यांनी मला बजावलं, “गुडघ्यांसाठी.”

यंदा मुलीने सरांना बंगळूरला नेलं. परवा मी फोन केला. म्हणाले, तिथे चौदाव्या मजल्यावर राहतात, बाल्कनीत तारा लावलाय, संध्याकाळी मोठ्याने गातात.

“मग? कोणी काही म्हणत नाही?”

“नाही ना, अम्मा. इथे कोणी नको असंसुद्धा म्हणत नाही.”

मी म्हटलं, “सर, आत्ता गा.” ते अगदी हळू आवाजात गाऊ लागले. सेक्रेटरी आमच्याकडे कॉफीला आले होते. त्यांनी पेला खाली ठेवला, खुर्ची जवळ ओढली, आणि फोनचा आवाज मोठा कर म्हणून मला हाताने खूण केली.