पगाराची चिठ्ठी आणि गिरमिट

नवरा वारल्यावर त्याच्या जागी मला हुबळीच्या एका दवाखान्यात घेतलं. काम वॉर्ड पुसायचं आणि रुग्णांना इकडून तिकडे न्यायचं. अळणावरकडच्या आमच्या खेड्यात मी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले, आणि पगाराची चिठ्ठी यायची कन्नडात. बोलायला येतं, वाचायला नाही. आकडे कळत, पण कुठला आकडा कशाचा ते कळेना. कोणाला विचारायची लाज वाटे. शेवटी धीर करून कोपऱ्यातल्या खोलीत गेले.

तिथं समाजसेविका मॅडम बसायच्या. माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण दोन पदव्या घेतलेल्या. कोणाला बिल झेपत नाही, कोणाला घरचं माणूस नाही, ते सगळे त्यांच्याकडे. चिठ्ठी वाचून त्या एकदम हसल्या.

"अक्का, तुम्हाला माझ्यापेक्षा सहा हजार जास्त आहेत हो! मी कंत्राटी, तुम्ही कायम. आज खाऊ तुमच्याकडून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली गाड्यावर नेऊन त्यांना कांदा घातलेलं चुरमुऱ्यांचं गिरमिट खायला घातलं. पुढं दर पगाराला तेच. चिठ्ठी त्या वाचायच्या, पैसे मी द्यायचे.

एकदा साखरेच्या आजारानं पाय काळा पडलेला एक म्हातारा आला, आमच्याच बाजूचा. पाय कापायला तो कबूल होईना. कळ आली की त्याच्या तोंडून मराठीच निघे. मॅडमना मराठी कळायची, बोलता येत नसे. त्यांनी मला हाक मारली. मी फडकं बादलीत टाकून गेले.

"विचारा, घरी बैल किती?"

मला वाटलं, पायाचं सोडून हे काय! तरी विचारलं.

"दोन हाईत," म्हातारा म्हणाला. "त्यातला एक लंगडा."

"लंगडा कशाला ठेवलाय? विकायचा की," मी म्हटलं.

"का म्हणून विकू? घरचा हाय त्यो!"

 मॅडम नुसत्या त्याच्याजवळ बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशीही बैलांच्याच गोष्टी. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं स्वतःच ऑपरेशनच्या कागदावर अंगठा उठवायला शाई मागितली. भरल्या वॉर्डात, पुरुषांसमोर मी इतकं कधी बोलले नव्हते. त्यानंतर मॅडम मला बोलवत राहिल्या आणि मी बोलत राहिले. ते दिवस मला अजून आठवतात.

मी लागल्यापासून चौथ्या वर्षी बेलूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून त्यांना बोलावणं आलं. कामगारांची विचारपूस करायची, पगार दुप्पट. त्यांच्या घरी आजारी आई, आणि दवाखान्यात दर वर्षी कंत्राट संपलं की पुढचं मिळेपर्यंत जिवाला घोर. पगाराच्याच दिवशी गाड्यावर उभ्या असताना त्यांनी विचारलं, "अक्का, जाऊ की नको?"

मनात होतं, नको. त्या गेल्या तर मला फडकं टाकून ये म्हणणारं कोण? पण माझी चिठ्ठी माझ्या कनवटीला होती. जास्त पगार घेणारीनं कमी पगारवालीला कुठल्या तोंडानं राहा म्हणायचं?

"जावा," मी म्हटलं.

"मला वाटलं, तुम्ही नको म्हणाल," कागदातला कांदा बाजूला सारत त्या म्हणाल्या.

मी राहा म्हटलं असतं तर त्या राहिल्या असत्या. म्हणूनच म्हटलं नाही.

जायच्या दिवशी त्यांनी माझ्या चिठ्ठीवर एका ओळीखाली रेघ मारून दिली. हातात पडणारा पगार तो हा. आता मला वाचून देणारं कोणी लागत नाही.

त्या खोलीत आता नवी मुलगी आहे. तीही कंत्राटी. गेल्या महिन्यात माझ्या हातात चिठ्ठी बघून ती म्हणाली, "अक्का, वाचून देऊ का?"

"नको गं," म्हटलं आणि चिठ्ठी कनवटीला खोचली. "तू गिरमिट खातेस का?"

ती लगेच उठली. गाड्यावर मी तिच्यासाठी जास्तीचा कांदा घालायला सांगितला.