जनानं जोड मागितली नव्हती

तात्या गेल्याची बातमी मला रिक्षाने दिली. शाळेच्या फाटकाशी उभा होतो, तर मिठागराच्या बांधावरून भोंगा लावलेली रिक्षा येताना दिसली. "लाल मातीचे आधारवड, तालुक्याच्या कुस्ती संघाचे संस्थापक, माजी आमदार..." आणि मग तो पोरगा थांबला. नावाआधी एक श्वास थांबायचं, लोकांच्या माना वळल्या की नाव टाकायचं, शेवटचं अक्षर वाऱ्यावर सोडून द्यायचं. ही लकब माझी. सगळी हयात मी जत्रांच्या मैदानांत असाच बोललो आणि आता गावोगावची पोरं तसंच बोलतात. म्हणजे तात्यांच्या मरणाची बातमी मी जवळपास माझ्याच आवाजात ऐकली. खरं सांगतो, पहिल्यांदा दुःख झालं नाही. सुटलो, असं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी असा संताप आला की फाटकाची कडी हातात तशीच राहिली. हा माणूस पाठ न टेकता निघून गेला होता.

त्याला आता काही आठवडे झाले. या पुरवणीत तात्यांवर लेख आले, ते मी वाचले. एकाने त्यांना फणसाची उपमा दिली आहे, दुसऱ्याने समुद्राची. मग तात्यांच्या महेशचा फोन आला. "मास्तर, तुमच्याइतकं बाबांना कोन ओळखतंय? पुरवणीवाल्यांना मी शब्द दिलाय. आन् रविवारी स्मृती मैदान हाय कुस्त्यांचं, माईक तुमीच धरायचा." मी हो म्हणालो. महेश, तू चांगला मुलगा आहेस. तुला हवा होता तो लेख हा नाही.

तात्या मिठागरवाल्यांच्या घरातले. त्यांच्या टाचांना आमदार झाल्यावरही भेगा होत्या आणि पांढऱ्याशुभ्र सपातांतून त्या दिसायच्या. तरुणपणी कुस्ती खेळले, पण गुडघ्याने दगा दिला आणि ते मातीबाहेर आले. मातीबाहेर आल्यावरच त्यांना आपलं खरं काम सापडलं. त्यांच्याआधी आमच्या भागातल्या जत्रेतल्या कुस्त्या म्हणजे मारामारीचा मुहूर्त असायचा. हरलेल्या गावाचे लोक पंचाला धरायचे, काठ्या निघायच्या, बायका पोरांना उचलून पळायच्या. तात्यांनी संघ काढला, पंच नेमले, पैलवानांच्या जेवणाची सोय केली. स्वतःच्या म्हशीचं दूध तालमीत धाडलं. हे सगळं खरं आहे. ज्यांनी लिहिलं त्यांनी खोटं लिहिलेलं नाही, अर्धं लिहिलंय.

आणि जोड लावावी तर तात्यांनीच. दोन पोरं समोर आली की ते वजनकाट्याकडे बघायचेही नाहीत. मनगट धरायचे, मानेवर पंजा ठेवायचे, कानाची पाळी चिमटीत घ्यायचे. मग म्हणायचे, "तू याच्यासंगती. आन् तू रं, पोटात भात हाय का नुसता वारा? जा, जेवून ये." त्यांनी लावलेली कुस्ती लवकर संपायची नाही आणि रटाळही व्हायची नाही. मी नवा नवा मास्तर, आवाज बरा म्हणून त्यांनी मला उचललं आणि हौद्याशेजारी उभं केलं. हौदा म्हणजे कुस्तीच्या मातीचा चौक. मी विचारलं होतं, तात्या, मला डावांची नावंही येत नाहीत, मी काय बोलू? ते म्हणाले, "डाव लोकांना दिसतात. तू फक्त सांग, कोन कोनाच्या अंगावर जातोय. कुस्ती त्या दोघांची नसते मास्तर. ती जोड लावणाऱ्याची असते."

पुढे ते राजकारणात गेले तेव्हा लोक म्हणाले, तात्यांनी कुस्ती सोडली. छे. त्यांनी फक्त हौदा मोठा केला. ग्रामपंचायतीत कुणाविरुद्ध कुणाला उभं करायचं, हे ते तसंच मनगट धरून ठरवायचे. एका गावात त्यांनी दोन सख्ख्या भावांना समोरासमोर उभं केलं. मी म्हटलं, तात्या, एकाच चुलीवर जेवतात हो. "म्हून तर! भावाला भावाचे डाव ठावं असतात. कुस्ती रंगतेय." आम्ही सगळे हसलो होतो. मीही. त्या घरात आज दोन चुली आहेत आणि मधे भिंत आहे. हे मला हसताना कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

आता त्या मैदानाचं सांगतो.

तात्यांच्या पहिल्या आमदारकीचं वर्ष. खाडीच्या तोंडाशी, कोळवाडीच्या बायका मासळी वाळत घालतात त्या जागेवर मालाच्या बोटींसाठी धक्का व्हायचा होता. तात्या धक्क्याच्या बाजूचे. कोळवाडी विरोधात, आणि कोळवाडी म्हणजे हिराजी. होडीवाला, सडसडीत, कमी बोलणारा. तो "नाय" म्हणाला की सगळी कोळवाडी "नाय" म्हणायची. त्याचा मुलगा जनार्दन, जना, आमच्याच तालमीत घडलेला. तात्यांनीच त्याच्या मानेवर पंजा ठेवून त्याला पहिल्यांदा मातीत उतरवलं होतं. जाळं ओढून ओढून खांदे असे झाले होते की त्याने मिठी मारली की समोरच्याला सुटकाच नसायची. पण वजनाने हलका.

जत्रेच्या मैदानात जनाने आपली कुस्ती झकास मारली. कोळवाडीने टोप्या उडवल्या. रिवाजाप्रमाणे तो फेरीला निघाला. जिंकलेला पैलवान हात वर करून हौद्याभोवती फिरतो आणि लोक त्याला नारळ, फेटा, काय द्यायचं ते देतात. जोड मागणारा, म्हणजे आणखी एका कुस्तीला प्रतिस्पर्धी मागणारा, तोही हात वर करतो. पण मागणारा शड्डू ठोकतो, मधोमध उभा राहतो आणि पंचाकडे बघतो. ज्याने दोन मैदानं पाहिलीत त्याला हा फरक कळतो. लांब बसलेल्याला मात्र दिसतो तो फक्त वर केलेला हात.

त्या दिवशी शेवटच्या कुस्तीसाठी घाटावरून एक भारी पैलवान आणला होता आणि त्याचा जोडीदार आलाच नव्हता. तो लांग कसून ताटकळत होता. लोक उठायला लागले होते. तात्या माझ्या उजव्या बाजूला खुर्चीत बसलेले. ते वाकले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "जनाचं नाव घे. सांग, जोड मागतोय."

मी म्हटलं, "तात्या, तो फेरी मारतोय."

"मना दिसतंय काय मारतोय ते. लोकांना काय दिसतंय?"

तेवढंच. त्यांनी मला धमकावलं नाही. शाळा त्यांच्या संस्थेची होती, पण नोकरीची भीती मला त्या क्षणी शिवलीही नाही. पांघरूण घ्यायला ती बरी होती, मी ती कित्येक वर्षं घेतली. खरी गोष्ट फार लाजिरवाणी आहे. लोक उठून चालले होते, माझा आवाज पडत होता आणि मला ती आरोळी हवी होती. मी एक श्वास थांबलो आणि म्हणालो, "खाडीचा वाघ... हात वर करून... घाटाच्या पैलवानाला जोड मागतोय... कोळवाडीचा जनार्दन!"

काय आरोळी उठली म्हणून सांगू. हलगीवाल्याने ताल धरला. जनाचा हात हवेतच राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नाही म्हणून. मग पुन्हा हलवली. मी ते पाहिलं. तात्यांनीही पाहिलं. पण एकदा भोंग्यावर नाव गेलं की आमच्याकडे पैलवान मागे फिरत नाही. फिरला तर त्याच्या गावाला पुढच्या जत्रेत तोंड दाखवायला जागा नसते. त्याने फेटा काढून कुणाच्या तरी हातात दिला आणि आत आला. तात्या बसल्या जागेवरून ओरडले, "तोलामोलाची जोड हाय!" आणि मी ते भोंग्यावर म्हटलं. ज्या माणसाला चिमटीत कान धरून वजन कळायचं, त्याने हे म्हटलं.

हरवायचं होतं फक्त. हिराजीच्या पोराला सगळ्या तालुक्यासमोर आभाळ दाखवायचं आणि कोळवाडीची मान खाली करायची, एवढाच डाव होता. तात्यांना त्याहून जास्त काही हवं होतं असं मला वाटत नाही. पण जना आधीच दमलेला, आणि तो भारी गडी त्याला खांद्यावरून घेऊन सगळ्या भाराने कोसळला. आवाज आला. मानेचा की खांद्याचा, ते डॉक्टरांनी नंतर सांगितलं. डावा हात तेव्हापासून लोंबतो. लोक धावले. आणि मी काय केलं? मी बोलत राहिलो. "किरकोळ दुखापत आहे, मंडळी, जागेवर बसून घ्या..."

दवाखान्यात तात्या फुलांचा गुच्छ घेऊन गेले, फोटोवाल्याला घेऊन. बाहेर येऊन म्हणाले, "तरुन रक्त हाय. हट्ट धरला पोरानं. मी नको म्हनालो व्हतो." मी त्यांच्या मागे उभा होतो. त्या फोटोत मी आहे.

हिराजी त्या दिवशी हौद्याच्या पलीकडच्या बाजूला बसला होता. त्याने मुलाचा हात वर पाहिला आणि माझा आवाज ऐकला. तो आवाज त्याला खरा वाटला. कुणालाही वाटला असता. पोराने मस्तीत घर बुडवलं, असं तो म्हणाला आणि त्यावरून कधी हलला नाही. होडीला दोन धडधाकट हात लागतात. होडी गेली. "नाय" म्हणणारा गप्प झाला तशी कोळवाडी गप्प झाली. धक्का झाला, तात्या पुन्हा आमदार झाले. हिराजी गेला तोपर्यंत त्याने मुलाशी कामापुरतंसुद्धा धड बोलणं केलं नव्हतं. आणि आजही जत्रेत एखादं पोर जास्त उड्या मारायला लागलं की म्हातारे म्हणतात, "जनासारखा करू नको रं."

शेवटच्या आजारात मी तात्यांना भेटायला गेलो होतो. अंगाचं पार चिपाड झालेलं. खोलीत आम्ही दोघंच. मी सगळं बळ गोळा करून म्हटलं, "तात्या, जनाचं काहीतरी बोलायला हवं. तुम्ही आहात तोवर."

त्यांनी माझ्याकडे स्वच्छ नजरेने पाहिलं. "कोन जना?"

विसरले होते की तो त्यांचा शेवटचा डाव होता, देव जाणे. ते म्हणाले, "ताक घे, मास्तर. उन्हाचा आलायस." आणि मी ताक प्यायलो. संपवून, पेला खाली ठेवून आलो. तात्यांवरचा माझा राग मी कितीही मोठ्याने सांगितला तरी त्या ताकाच्या पेल्याचं काय करू?

हा लेख लिहायच्या आधी जनाकडे गेलो. ओट्यावर बसला होता, सुकी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत, एका हाताने. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तो निवडत राहिला.

"आत्ता? तो मेल्यावर?"

"हो."

"बरा झाला. तुमचा घसा बरा झाला, मास्तर. लय वर्सं बसलेला व्हता."

मी म्हटलं, पेपरात लिहितोय. नावानिशी.

"पेपर कोन वाचतंय कोळवाडीत? आमचा बाबा तर वाचायचाच नाय. त्यानं आयकलेलं." मग पहिल्यांदा वर पाहिलं. "मी तुमच्याकडं बगून मान हलवली व्हती. दोनदा. ती तुमी बगितली का नाय, येवढाच सांगा. बाबाला मी लय येळा सांगितला, मास्तरांनी बगितलंय, त्यांना इचार. तो बोलायचा, मास्तर कशाला खोटा बोलंल?"

"बघितली होती, जना."

त्याने करंदीचं सूप बाजूला सारलं आणि खाडीकडे तोंड केलं. "मंग मना काय सांगतंस?" म्हणाला. तुमीचा तू झाला होता. "जा, भोंग्यावर सांग. जिथं बोललास तिथं जाऊन बोल."

काल मैदान बघायला गेलो. माती चाळून झाली आहे, मंडप उभा आहे. तात्यांची खुर्ची तिच्या जागी मांडली आहे, तिच्यावर हार घातलेला फोटो. मंडपवाल्याने माईकचा खांब नेहमीसारखा खुर्चीला लागून रोवला होता. मी म्हटलं, काढ, पलीकडे लाव, कोळवाडीची माणसं बसतात तिकडे. तो म्हणाला, "मास्तर, तात्या तर हिकडं..." मी म्हटलं, माहीत आहे. त्याने खांब उपटला, पलीकडे नेऊन ठोकला आणि म्हणाला, बोलून बघा, आवाज तपासतो. मी माईकसमोर उभा राहिलो, तोंड उघडलं आणि माझी मान आपोआप उजवीकडे वळली. तिथे रिकामी माती होती. इतकी वर्षं मी नाव घेण्याआधी जो एक श्वास थांबत होतो, त्याला लोक माझी लकब म्हणतात. मी थांबत होतो तो तात्या मान डोलावतात का, ते बघायला.

मंडपवाला वाट बघत होता. मी समोर लोकांना बसायला टाकलेल्या मोकळ्या फळ्यांकडे पाहिलं आणि न थांबता म्हणालो, "जनार्दन हिराजी. कोळवाडी. याने जोड मागितली नव्हती." भोंग्यातून ते खाडीपर्यंत गेलं. मंडपवाल्याने हात वर केला, आवाज ठीक आहे म्हणून.

रविवारी फळ्या भरलेल्या असतील.