कुमुदताईंनी मिळवलेली बैठक

कुमुदताई वैद्य गेल्याचं मला शाळेत कळलं. प्रार्थना नुकतीच संपली होती, मुली रांगेने वर्गाकडे निघाल्या होत्या, आणि आमच्या शिक्षक संघाच्या ग्रुपवर त्यांच्या भाच्याचा निरोप आला. पहाटे झोपेतच गेल्या होत्या. मी फोन पर्समध्ये टाकला, सातवीची हजेरी घ्यायला लागले आणि तिसऱ्या-चौथ्या नावावर अडकले. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि काही न विचारता तिने आपली पाण्याची बाटली माझ्यासमोर ठेवली… त्याला आता महिना होत आला.

ताई ग्वाल्हेरच्या खासगी बाजार या वस्तीत भाच्याच्या कुटुंबासोबत राहायच्या. सरकारी शाळांमधून त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं आणि जवळजवळ तेवढीच वर्षं शिक्षक संघाचं काम केलं. साऱ्या ग्वाल्हेरच्या त्या 'बहनजी', पण मी घरी मराठी बोलणारी म्हणून माझ्या 'ताई'. पहिल्या भेटीत मी त्यांना म्हटलं होतं, "मला छुट्टीची दरख्वास्त लिहायची आहे." त्या हसल्या. माझी भाषा त्यांनी सुधारली नाही, अर्ज मात्र सुधारला. त्यातले दोन 'कृपया' खोडले आणि म्हणाल्या की एक पुरतो, तीन लिहिले की वाचणाऱ्याला कळतं आपण घाबरलोय.

आणि मी घाबरलेलीच असायची. शहरातल्याच हजीरा भागातल्या एका सरकारी कन्याशाळेत मी नवी लागले होते, नोकरी अजून पक्की व्हायची होती. तिथल्या एका वर्गाच्या छताचं प्लास्टर पडायचं. आम्ही मुलींना व्हरांड्यात बसवून शिकवायचो, आणि त्यातही निम्म्या शिक्षिका कुठल्या ना कुठल्या सर्वेक्षणाला पाठवलेल्या असायच्या. संघाने निवेदन दिलं. मागणी साधी होती, जिल्हा शिक्षण कार्यालयातल्या साहेबांनी सगळ्यांना एकत्र बसवून बोलावं. साहेबांनी उलट केलं. एकेकीला वेगवेगळं कार्यालयात बोलावलं.

माझी पाळी आली तेव्हा माझी मुलगी दीड वर्षाची होती. साहेब आवाजही न चढवता म्हणाले की लांबच्या गावी एक जागा रिकामी आहे, तिथे माझं नाव सुचवलं गेलंय. पण ते थांबवता येईल. मग एक कागद पुढे सरकवला. मला काही तक्रार नाही, निवेदनात माझं नाव मला न विचारता घातलं, असं त्यात होतं. मी सही केली. खरं सांगायचं तर पूर्ण वाचलंसुद्धा नाही…

बाहेर बाकावर ताई बसल्या होत्या. माझ्याकडे बघूनच त्यांना कळलं असावं. खाली टपरीवर चहा घेताना मी रडत रडत सगळं सांगितलं आणि आता त्या काय बोलतील याची वाट बघत राहिले. त्यांनी माझ्या मुलीला दिवसा कोण सांभाळतं ते विचारलं. मग शांतपणे म्हणाल्या, "तू खोटी नाहीस, अनघा. तू आत एकटी होतीस, एवढंच."

त्यानंतर त्या घरोघरी गेल्या. हजीरा, किला गेट, मुरार. ज्यांनी सही केली होती त्यांच्याकडेही, आधी त्यांच्याकडेच. कोणालाही त्यांनी लाज वाटू दिली नाही. आठवड्याभरात आम्ही सगळ्याजणी पुन्हा त्याच कार्यालयात गेलो, या वेळी एकत्र. इतक्याजणी समोर बघून साहेबांना बैठक घ्यावीच लागली. बोलणं सुरू झाल्यावर त्यांनी माझा कागद वर धरला आणि तुमचीच सदस्य काय लिहून देते बघा, असं म्हणाले. ताई हिंदीत एवढंच बोलल्या, "वो यहीं बैठी हैं, सर. अब सबके सामने पूछ लीजिए."

मी उठले. माझ्या दोन्ही बाजूंना माणसं होती. कागद कसा लिहून घेतला ते मी सांगितलं. मग दुसरी उठली, मग तिसरी. त्या दिवशी साहेबांना इतिवृत्तावर सही करावी लागली. तो वर्ग दुरुस्त होईपर्यंत बंद राहणार होता, शाळेच्या वेळात सर्वेक्षणं लागणार नव्हती, आणि दर तीन महिन्यांनी संघाबरोबर बैठक होणार होती.

माझी बदली झाली नाही. ताईंची झाली, त्याच गावी. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, गुडघे दुखत होते, बसने जायलाच दोन तास लागायचे. पुढच्या बैठकीत आम्हाला त्यांचाच विषय पहिला घ्यायचा होता. त्यांनी तो यादीत शेवटी लिहायला लावला. दर वेळी शेवटपर्यंत पोचायच्या आत वेळ संपायची… त्या तिथूनच निवृत्त झाल्या. मी एकदा म्हणाले की ती जागा माझ्या वाट्याची होती. त्या म्हणाल्या की तिथल्या मुलींना अपूर्णांक येत नव्हते, आता येतात. हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की खरंच तसं होतं, मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा दोन्ही.

गेल्या रविवारी त्यांच्यामागची पहिली सभा झाली. संघाची खोली किला गेटजवळ, एका शिलाईच्या दुकानाच्या वर आहे. विषय संपले, चहा झाला, तरी कोणी उठेना. मला आधी कळलंच नाही की सगळे कशासाठी थांबलेत. सभा संपली की ताई दाराशी उभ्या राहून प्रत्येकीला विचारायच्या, तू कोणाबरोबर जातेयस? मुरारच्या दोघींची गाठ घालून द्यायच्या, कोणाला कोणाच्या स्कूटीवर बसवायच्या, आणि सगळ्यात शेवटी स्वतः जिना उतरायच्या. आम्ही त्या प्रश्नासाठी बसून होतो.

थोड्या वेळाने मी उठले आणि दाराशी जाऊन उभी राहिले. या वर्षी नव्याने लागलेली एक मुलगी सगळ्यात आधी आली. तिला मी विचारलं, "कोणाबरोबर जातेयस?"