जड काडतुसांचा सराव

माझे वडील आमच्या तालुक्याच्या गावी एका बँकेच्या दारात रखवालदार होते. लोखंडी स्टूल, मांडीवर बाराबोअरची दुनळी बंदूक आणि कमरेच्या पट्ट्यात लाल काडतुसं. शाळा सुटल्यावर मी बँकेसमोर जाऊन उभी राहायचे. बंदुकीला हात लावू द्या म्हटलं की ते म्हणायचे, "तू पेन्सिल धर. ती धरलीस की पुरे." त्या बंदुकीच्या पगारावर मी इंजिनिअर झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. आज आइंडहोवनमध्ये चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करते, त्याची सुरुवात त्या स्टुलापासून होते हे मी विसरत नाही.

पण बंदूक हातात आली ती इकडे, नेदरलँड्समध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर. आणि ती आमच्या शेजारणीमुळे.

आइंडहोवनजवळच्या बेस्ट नावाच्या गावात आमच्या भिंतीला भिंत लागून एक बाई राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, मोठ्या आवाजाच्या. नवऱ्याबरोबर त्यांनी आयुष्यभर मटणाचं दुकान चालवलं. आता त्या एकट्या आहेत आणि त्यांची तपकिरी शिकारी कुत्री. गल्लीतली मुलं त्यांना ओमा म्हणतात, म्हणजे आजी, म्हणून आम्हीही ओमाच म्हणतो. आम्ही राहायला आलो त्या हिवाळ्यात एका सकाळी मागच्या दाराच्या कडीला दोन रानबदकं टांगलेली दिसली. माझा नवरा पुण्याचा, शाकाहारी घरातला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "अगं, ही भेट आहे की धमकी?"

भेट होती. मी ती बदकं काळ्या मसाल्यात केली. ओमा जेवायला आल्या, घाम पुसत दोनदा वाढून घेतलं, आणि तेव्हापासून त्यांच्या कुत्रीला संध्याकाळी फिरवून आणायचं काम माझ्याकडे आलं.

गावाबाहेरच्या कुरणांवर शिकारीचा हक्क असलेला चौघांचा एक गट होता. त्यात ओमा सगळ्यांत जुन्या. बदकं आणि पारवे मारायचे, आणि शेतकऱ्यांचं गवत फस्त करणारे राखी हंस परवानगी काढून हटवायचे, असं त्यांचं काम. मग ओमांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बंदूक कायमची बंद केली. गटातले लोक वाईट नव्हते, पण नियम साफ होता: जो बंदूक चालवत नाही त्याची जागा दुसऱ्याला.

"तू परीक्षा दे," ओमा मला म्हणाल्या. "जागा तू घे. मी आणि कुत्री तुझ्याबरोबर येऊ. सोबतीला कुणी आलं तर ते हरकत घेणार नाहीत." मग कुत्रीचे कान चोळत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हिला कुरणात न्यायचं नाही, तर हिनं काय सोफ्यावर म्हातारं व्हायचं?"

कुत्रीबद्दल बोलणं चाललेलं नाही हे मला समजत होतं. मी हो म्हटलं. गटानं शरद ऋतूपर्यंत थांबायचं कबूल केलं.

आईला फोनवर सांगितलं तर तिचा आवाज चढला. "हंस मारणार? सरस्वतीचं वाहन ते! तिच्याच कृपेनं शिकलीस ना गं?"

"आई, इथले हंस शेळ्यांसारखे चरतात."

"चरू देत. तुझं काय खातात?"

लेखी परीक्षा मी पहिल्या झटक्यात पास झाले. पक्ष्यांची डच नावं, कायदे, मोसम, सगळं घोकलं. तो रस्ता माझ्या पायाखालचा होता. प्रत्यक्ष नेमबाजीत मात्र नापास झाले. हवेत भिरकावलेल्या मातीच्या थाळ्या फोडायच्या असतात. माझ्या बहुतेक थाळ्या सुखरूप जमिनीवर पोचल्या.

मग मी तेच केलं जे आयुष्यभर करत आले होते. आमच्या शाळेत सर सांगायचे, सगळ्यांत अवघड गणितं सोडवा, सोपी आपोआप सुटतील. मी दहावीला, बारावीला, प्रवेश परीक्षेला त्याच मंत्रावर तरले. ओमांच्या कपाटात हंसांसाठी आणलेली मॅग्नम काडतुसं होती. नेहमीच्या काडतुसापेक्षा लांब, आत जास्त दारू, जास्त छर्रे. ओमांची दुनळी ती झेलू शकत होती. नेमबाजीच्या रेंजच्या एका टोकाला शिकारीची काडतुसं लोखंडी फळ्यावर मारून बघायची सोय होती. मी ओमांना म्हटलं, मला यांच्यावर सराव करू द्या. यांची सवय झाली की परीक्षेतली हलकी काडतुसं फुलासारखी वाटतील.

ओमांनी भुवया उंचावल्या, पण अडवलं नाही. "करून बघ," एवढंच म्हणाल्या.

पहिल्याच बारला बंदुकीनं लाथ मारावी तसा धक्का दिला. गालफडावर आपटली ती वेगळीच. मी दात आवळून पुढचं काडतूस भरलं. दर शनिवारी जात राहिले. खांद्यावर जांभळा डाग पडला, मग तो हिरवा झाला, मग त्यावर नवा जांभळा. ऑफिसमध्ये यंत्राला बसणारा सूक्ष्म हादरा कसा कमी करावा यावर मी बैठका घेत होते आणि लॅपटॉपची बॅग डाव्या खांद्यावर अडकवत होते. नवरा हळद-तेल गरम करून द्यायचा आणि म्हणायचा, "पक्ष्यांचं माहीत नाही, पण तुझी शिकार बरी चाललीये."

पुन्हा थाळ्यांपुढे उभी राहिले तर अवस्था आधीपेक्षा वाईट. हलक्या काडतुसांनीही एक थाळी फुटेना. परीक्षा जवळ येत होती. मी ओमांना म्हटलं, "माझा नेम मुळातच नाही. तुमची जागा माझ्यामुळे जाणार."

ओमा उठल्या. रेंजवरच्या प्रशिक्षकाच्या कानात काहीतरी बोलल्या. "तू समोर बघ. बंदूक आज मी भरून देते."

पहिली थाळी उडाली, बार झाला, नेम चुकला. दुसरीही तशीच. तिसऱ्या वेळी मी चाप ओढला आणि नुसतं टक् झालं. आत सरावाचं पोकळ काडतूस होतं, दारूच नसलेलं. धक्का बसला नाही. पण बंदुकीची नळी ढुंगण टेकणाऱ्या म्हशीसारखी खाली बसली होती, माझा खांदा मागे पळाला होता आणि माझे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले होते. थाळी आरामात पलीकडे जाऊन पडली.

प्रशिक्षक खाली बघून हसू दाबत होता. ओमा हसल्या नाहीत.

"नेम तुझा ठीक आहे, पोरी. तू धक्का बसायच्या आधीच पळतेस. हे त्या जड काडतुसांनी शिकवलं तुला."

मग त्यांनी बाकावर बसून समजावलं. इथे शिसं वापरायला बंदी आहे, छर्रे पोलादी असतात. पोलाद हलकं, त्याचा जोर लवकर ओसरतो. हंस मोठा, त्याची पिसं जाड. त्याच्यासाठी मोठे छर्रे लागतात आणि ते पुरेसे दाट पडावे लागतात, म्हणून मॅग्नम. जवळून जाणाऱ्या बदकाला आणि पारव्याला साधं काडतूस पुरतं. "मॅग्नम घेतलं म्हणजे दूरचं पाखरू पडतं असं लोकांना वाटतं. दूरचं पाखरू जखमी होऊन जातं, एवढंच." त्यांनी आपला उजवा खांदा चाचपला. "मी बदकांनाही तीच मारायचे. गटातल्या पुरुषांना दाखवायला. बदकांना काही फरक पडला नाही. खांद्याला पडला."

त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी वडिलांना विचारलं, "बाबा, बार काढताना तुम्ही डोळे मिटायचात का?"

त्यांनी आधी मागे वळून आई जवळ नाही ना ते बघितलं. "मिटायचो की. वर्षातून एकदा सरावाला न्यायचे. साहेब म्हणायचे, निशाण्याकडे बघ. मी म्हणायचो, बघतोय साहेब. दरोडेखोर आले असते तर बँकेचं काही खरं नव्हतं बाळा." आणि मग आम्ही दोघं इतकं हसलो की आई पदराला हात पुसत आलीच.

त्यानंतर मी उलट्या बाजूनं शिकले. रेंजवरची सर्वांत हलकी काडतुसं, त्यात ओमा मधूनच एखादं पोकळ सरकवायच्या. नळी खाली बसली की त्या जिभेनं च् करायच्या. हळूहळू च् कमी झालं. खांद्याचा डाग पिवळा पडून गेला. सोप्यापासून सुरुवात करण्यात लाज वाटायची मला, ती कशाची होती कोण जाणे. परीक्षेच्या दिवशी थाळ्या फुटलेल्या मी स्वतःच्या उघड्या डोळ्यांनी पाहिल्या.

परवाना हातात आल्यानंतरचा पहिला शनिवार. उजाडायच्या सुमारास आम्ही कुरणातल्या पाणचरीच्या काठी उभे होतो. गटातले तिघं पलीकडच्या बांधाला, ओमा माझ्यामागे घडीच्या खुर्चीवर, कुत्री त्यांच्या बुटांपाशी थरथरत. माझ्या डाव्या खिशात साधी काडतुसं, उजव्या खिशात हंसांसाठी मॅग्नम.

हंसांचा थवा आला तो फार उंचावरून. पलीकडे एकानं बंदूक उचलली आणि खाली घेतली. माझा हात उजव्या खिशात गेला होता.

"उंच आहेत," मी म्हटलं.

"उंच आहेत," ओमा म्हणाल्या.

ते ओरडत युट्रेख्ट शहराच्या दिशेनं निघून गेले. थोड्या वेळानं चरीवरून एक नर बदक कमी उंचीवरून, सरळ आलं. मी साध्या काडतुसाचा बार काढला. ते पाण्यापलीकडच्या गवतात पडलं आणि हललं नाही.

कुत्री सुटली. पोहून गेली, बदक तोंडात धरून परत आली, मला वळसा घालून थेट ओमांपुढे बसली. ओमांनी डाव्या हातानं ते घेतलं, पिसं सारून पाहिलं, मान डोलावली.

"खांदा?" त्यांनी विचारलं.

मला आठवेना. धक्का बसला असणारच, पण मी बदकाकडे बघत होते. "कळलंच नाही," मी म्हटलं.

पलीकडच्या बांधावरून गटातल्या सगळ्यांत जाड माणसानं टोपी उंचावली. ओमांनीही उंचावली. मग थर्मास उघडून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"पुढच्या शनिवारी तुमचा तो आल्याचा चहा आण. तिघांनाही पुरेल एवढा. माझी कॉफी इतकी वर्षं बिचारे भिडेखातर पितायत."