वैशाखऱ्याच्या डोंगरामागे अडकलेला ईस्टर

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी दुपारी जेवून नुकती आडवी झाले होते, तेवढ्यात फोन वाजला. दिनूमामा. "मार्था, ईस्टरला इकडे या. पहाटेची उपासना माझ्या शेतात करू. डोंगरावरून सूर्य येताना बघा जरा, शहापुरात काय दिसतंय तुम्हाला! तुझ्या आईलाही आण. सांग तिला, बोलायची सक्ती नाही."

आई समोरच मेथी निवडत बसली होती. मी निरोप दिला. तिने मेथीकडे बघतच विचारलं, "त्याला विचार, पांघरुणं आहेत की आपण न्यायची." आमच्या घरात याला होकार म्हणतात.

ज्यांना आमचं खानदान ठाऊक नाही त्यांच्यासाठी (म्हणजे कल्याणच्या आमच्या चर्चबाहेरच्या अख्ख्या जगासाठी) थोडक्यात सांगते. आई आणि मामा सख्खी भावंडं, आई थोरली. मामा भजनी चालीत, पखवाजावर ख्रिस्ताची गाणी म्हणायचा आणि म्हाताऱ्या बायका पदराने डोळे टिपायच्या. आई गायकवृंदाची प्रमुख, तिचा सगळा जीव ऑर्गनवर. एकदा चर्चच्या कमिटीत प्रश्न निघाला, की रविवारच्या उपासनेत पखवाज हवा की नको. आईने नको म्हणून हात वर केला. मामा उठला, चपला घातल्या आणि गेला तो गेलाच. भावाला सत्तर वेळा सातदा क्षमा करा असं येशू म्हणाला खरा, पण तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर चर्चची कमिटी नसावी, याबाबतीत मात्र दोघा बहीणभावांचं एकमत होतं.

मध्यंतरी मामी गेली. दफनाला आई गेली, मागे उभी राहिली, गायली आणि परत आली. मामाने मान वर केली नाही. मग तो बँकेतून निवृत्त झाला आणि वैशाखऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायाशी दोन खोल्या आणि शेताचा तुकडा घेऊन एकटाच राहू लागला. त्यामुळे हे आमंत्रण साधं नव्हतं. दोघंही साठीपलीकडची. आत्ता बोलली नाहीत तर पुढची भेट एखाद्या दफनालाच होणार होती, आणि तिथे दोघांपैकी एकालाच बोलता येतं. मला याची खरोखर भीती वाटत होती.

तर यंदाच्या, म्हणजे २००७ सालच्या ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी आम्ही शहापूरच्या स्टँडवर. इथून किन्हवली, सरळगावमार्गे मुरबाडला एसटी आहे. पण तिच्यावर विसंबायला जी श्रद्धा लागते ती आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडेसुद्धा नसेल. खिडकीतल्या माणसाला विचारलं तर तो "येईल" म्हणतो. कधी, ते सांगत नाही. प्रभूच्या दुसऱ्या येण्याबद्दलही आम्हाला एवढीच माहिती आहे. गाडी आली तेव्हा आई म्हणाली, "बघ, आली की नाही?" जणू तिनेच प्रार्थना करून आणली होती.

जाणार असाल तर सकाळीच निघा. एप्रिलमध्ये दहानंतर हा रस्ता भाजून काढतो, दोन्ही बाजूंना भातशेतं नुसती करडी पडलेली, मध्येच एखादा पळस. पावसाळ्यात माळशेजला धबधब्यांखाली उभं राहायला जागा नसते, आत्ता कुत्रं फिरकत नाही. सुट्टे पैसे जवळ ठेवा, पाणी भरपूर घ्या, आणि बरोबरच्या माणसाने लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांत चहा सोडला असेल तर दुसरा माणूस बघा. आईने चाळीस दिवस चहा सोडला होता. तिच्या आत्म्याला काय लाभलं ते देव जाणे, आमची मात्र रोज सकाळी खरडपट्टी निघत होती. मुरबाडला उतरून मी तिच्यासमोर वडापाव आणि कटिंग घेतला, तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की यहूदाने पैसे का परत केले ते मला कळलं.

मुरबाडात बाजार केला. अंडी, कांदे, सुकट. पुढे जीप. ड्रायव्हर दारात लटकून ओरडत होता, "टोकावडा, वैशाखरे! दोन शिटा येवदे, मंग निघतो." दोन आल्या, मग आणखी तीन आल्या. आईचं वय बघून तिला पुढे बसवलं.

"आजी, कुठं, देवाला चाललात?" त्याने विचारलं.

"भावाकडे."

मी मागे दोन मावश्या आणि एका कोंबडीच्या मध्ये चेपलेली होते, तरी कान टवकारले. इतकी वर्षं तो 'तो' होता.

"सण हाय वाटतं तुमचा?"

"हो. ईस्टर."

"बरं हाय. पण भावाकडं जायाला काय सणच लागतो असं नाय." एवढं बोलून त्याने गिअर टाकला.  

मामा फाट्यावर उभा होता. वाळला होता. शर्ट इस्त्रीचा, पण बटण एक घर चुकून लावलेलं. त्याने पिशव्या घेतल्या आणि मला म्हणाला, "आईला सांग, रस्ता खडबडीत आहे." आई त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. ती मला म्हणाली, "त्याला सांग, दिसतंय."

उरलेला दिवस मी टपाल खात्यात नोकरी केली. मामाला विचार, मीठ कुठे ठेवतो. आईला सांग, समोरच्या डब्यात. मामाला सांग, डब्यात साखर आहे. आईला सांग, मग दुसरा डबा. माझं नाव मार्था ठेवलं ते बायबलातल्या मार्थासारखं स्वयंपाकघरात राबावं म्हणून, हे मी समजू शकते. पण तिला निदान निरोप पोचवावे लागत नव्हते. संध्याकाळी अंगणात बसलो तेव्हा मामा, अर्थात मला उद्देशून, इथल्या पहाटेचं वर्णन करत होता. सोनेरी किरण काय, कड्याची कडा काय, काळोख कसा फाटतो काय! "चर्चमध्ये बसून कळत नाही हे," तो म्हणाला. आई हातपंख्याने जरा जोरात वारा घेऊ लागली. कॅलेंडरातली सूर्योदयाची वेळ तिने घरूनच बघून आणली होती. सगळं त्या हिशोबाने ठरलं.

ईस्टरच्या पहाटे आई पांढरी साडी नेसून तयार. मामा डोळे चोळत आला. शेताच्या बांधावर चटई टाकली. आईने प्रार्थना केली. मी वाचन केलं, त्या बाया सुगंधी मसाले घेऊन येशूच्या कबरेकडे निघतात ते. तोंडावरची धोंड कोण लोटणार हा प्रश्न त्यांना वाटेत पडतो. निघायच्या आधी पडत नाही. मला या बाया फार आवडतात. सगळी तयारी करायची आणि मुख्य गोष्टच विसरायची, हा मला आमच्याच मंडळींचा गुण वाटतो.

मग गाणी सुरू झाली. उजाडलं. झाडं दिसू लागली, पाखरं ओरडून ओरडून दमली. सूर्याचा पत्ता नाही. समोर काळाकभिन्न कडा, आकाशापर्यंत. आईने दुसरं गाणं घेतलं, तिसरं घेतलं. मामा म्हणाला, "येईलच आता." पुस्तकातली ईस्टरची सगळी गाणी झाली. आवडती दोनदा झाली. नावडतीही झाली. शेवटी आईने, हे लिहितानाही मला खरं वाटत नाही, नाताळचं एक गाणं घेतलं. एप्रिलमध्ये! गव्हाणीतलं बाळ आणि मेंढपाळ ऐकत मी कड्याकडे बघत बसले.

तेवढ्यात मामाची शेजारीण यशोदाबाई मोहाची फुलं वेचायला पाटी घेऊन आली. आम्हाला बघून थबकली.

"काय गो बाय, इथं काय करता तुमी?"

"सूर्य उगवायची वाट बघतोय," मी म्हटलं.

"आता? तो येवढ्यात नाय यायचा. येवढा डोंगर चढून यायचा हाय त्याला. माझी पाटी भरल, मंग येल."

"पण मामा तर म्हणाला…"

"काकांना काय ठाव?" यशोदाबाई मनापासून हसली. "काका उठतात कवा! आमी शेतातून परत येतो तवा काका दात घासतात."

मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला. आई आधी खाकरली. मग पदर तोंडाला लावला. मग तिला हसू आवरेना, खांदे गदगदा हलायला लागले. ती माझ्याकडे वळली, "विचार त्याला, इतकी वर्षं इथे राहून…" आणि मध्येच माझा नाद सोडून थेट त्याच्याकडे वळली. "अरे दिनू! एकदा तरी बघितलास का रे तू सूर्योदय? रात्रभर आम्हाला सोनेरी किरण ऐकवत होतास!"

"संध्याकाळी बघितलाय," मामा पुटपुटला. "मावळताना. तेच उलटं करून सांगितलं."

 भांडण मिटावं म्हणून किती उपास, किती प्रार्थना झाल्या असतील आईच्या. शेवटी भावाला झापायची संधी सोडवेना म्हणून ती बोलली. देव असेल तर त्याला माणसं चांगलीच कळतात, असं मला तेव्हा वाटलं.

"माझा घसा गेला आता," आई म्हणाली. "तू घे."

"काय घेऊ?"

"तुझं ते पहाटेचं."

"पखवाज नाही."

"मांडी आहे ना?"

मामाने मांडी चाचपली. "कमिटी काय म्हणेल?"

"कमिटी कल्याणला झोपलीय."

त्याने मांडीवर ठेका धरला आणि सुरू केलं. आवाज पूर्वीचा नव्हता, वरच्या सुराला फाटत होता. यशोदाबाई पाटी खाली ठेवून टाळ्या वाजवू लागली. "चाल आमचीच हाय की," ती म्हणाली, "देव तेवढा तुमचा." दुसऱ्या कडव्यापर्यंत मामा ठीक होता. तिसऱ्याला तो मध्येच थांबला. मामी गेल्यापासून गायलोच नव्हतो, असं त्याने नंतर मला सांगितलं. तो थांबला आणि पुढची ओळ आईने उचलली. तिला सगळं पाठ होतं. ज्याच्या विरोधात हात वर केला होता ते गाणं, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, त्याच्या गळ्यातल्या हरकतींसकट. मला रडू फुटलं. मी प्रवचनात झोपणारी बाई आहे, तरी फुटलं.

सूर्य नेमका कधी आला ते आम्हा कोणालाच सांगता येणार नाही. तोंडावर ऊन लागायला लागलं, तेव्हा कळलं की आलाय. आई भावाकडे बघत होती आणि भाऊ जमिनीकडे.

मग न्याहारी. तांदळाच्या भाकऱ्या यशोदाबाईने आणल्या, आईने अंडी उकडली, सुकट परतली. आणि चाळीस दिवसांनंतर चहा! योहानाच्या शुभवर्तमानात एक जागा आहे. पेत्र या शिष्याने येशूला तीनदा नाकारलेलं, त्याला तोंड दाखवायची लाज वाटत असणार. आणि कबरेतून उठलेला येशू तळ्याच्या काठावर काय करतो? कोळसे पेटवून मासे भाजतो आणि सगळ्यांना आधी खाऊन घ्या म्हणतो. हिशोब, जाब, माफीनामा, काही नाही. विचारायचं ते खाऊन झाल्यावर. नवी सुरुवात म्हणजे काहीतरी भव्य, प्रकाशबिकाश असेल, अशी माझी समजूत होती. बहुतेक ती सुकटीच्या वासाने होते.

दुपारी जीपने मुरबाड आणि तिथून एसटीने शहापूर. बस ताबडतोब मिळाली, याला चमत्कार म्हणायला माझी हरकत नाही. फाट्यावर मामाने आईला म्हटलं, "ताई, जपून जा." आईने त्याच्या शर्टाचं बटण नीट लावून दिलं.

घरी येऊन आठवडा झाला. पुनरुत्थानाबद्दल माझ्या शंका होत्या तिथेच आहेत. आईला ऑर्गनच बरा वाटतो. सॉरी कोणी कोणाला म्हटलेलं नाही. काल न राहवून मी विचारलंच, "केलंस का माफ त्याला?"

"माफ कसलं? पखवाज त्या उपासनेत नकोच होता," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू पाहिलंस का गं? आपल्याला दोन ताटं दिली त्याने आणि स्वतः पातेल्याच्या झाकणात जेवला. घरात तिसरं ताट नाही. किती दिवसांत कोणी जेवायला आलं नसेल त्याच्याकडे."

मी खरंच पाहिलं नव्हतं.

आज सकाळी तिने माळ्यावरून स्टीलची चार ताटं काढली, पुसली, चादरीत बांधली. मी पर्स शोधू लागले तर म्हणाली, "तू नको येऊस. तू असलीस की आम्ही परत तुझ्याशीच बोलत बसू."