भिंतीवरची आई

जयवंताबाई आम्हाला कर्जतच्या शाळेत दहावीला गणित शिकवायच्या. पुढे मी त्याच शाळेत मराठी शिकवायला लागले आणि शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची त्यांच्या शेजारी आली. बाईंचं बोलणं बेताचं. डबा खाताना एखादी गोष्ट सांगायच्या, मग कितीतरी दिवस त्यावर अवाक्षर नाही. त्यांची हकीगत मला अशी तुकड्यातुकड्यानं कळली. थोडी पोशीरच्या माणसांकडूनही कळली.

त्यांचं माहेर कुंभिवलीचं. वडील आबाजी प्राथमिक शाळेत मास्तर, भातशेती आई बघायची. पोर गणितात हुशार निघाली तसं आबाजींनी भाऊबंदांचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि तिला मुंबईला वसतिगृहात ठेवलं. कॉलेजात गणिताबरोबर एक भाषा घ्यायची होती. संस्कृत घेणाऱ्या मुली शाळेपासून ते शिकत आलेल्या. फ्रेंच मात्र सगळ्यांनाच नवी. निदान कुणाच्या मागून धावायला नको, एवढ्याच विचारानं जयवंतानं फ्रेंच घेतली.

आणि ती भाषा तिच्या जिभेवर बसली. आकडे शिकताना बाकीच्या मुली कपाळाला हात लावायच्या, कारण फ्रेंचमध्ये नव्याण्णव म्हणायचं तर 'चार वीस एकोणीस' असं म्हणतात. जयवंताला हसू फुटलं. तिची आई खळ्यावर भाताचे भारे असेच तर मोजायची, चार विसा एकोणीस! बी.ए.ला तिनं गणित आणि फ्रेंच दोन्ही शेवटपर्यंत ठेवलं. त्या वर्षी तशी ती एकटीच होती.

पदवी झाली आणि लग्न झालं. नवरा वाल्मिक पोशीरचा, रसायनीला एका कारखान्यात नोकरीला. बिऱ्हाड मोहोपाड्याच्या कॉलनीत. वाल्मिक सरळ माणूस. "शिकायचंय ना पुढं? मग शीक की," म्हणाला, आणि तिनं एम.ए.ला नाव घातलं.

पोशीरच्या घरी थोरला दीर गजा आणि त्याची बायको सुंदरा. शेती ते दोघं करायचे. सुंदराला मूल नव्हतं, आणि त्यावरून गावात जे ऐकावं लागतं ते सगळं तिनं ऐकलं होतं. तरी बाई मोठी हसरी. फ्रेंच लोक विसाच्या हिशेबानं मोजतात हे जयवंतानं तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी ते गोरे पन आमच्यासारकेच अडानी!" आणि दोघी जावा चुलीपुढं बसून पोट धरून हसल्या.

एम.ए. चालू असतानाच चिमा झाली. अभ्यासाच्या दिवसांत तिला सुंदराच सांभाळायची. पोर दोन वर्षांचीही नव्हती, तेव्हा जयवंताला फ्रान्सला एक वर्ष गणित शिकायची शिष्यवृत्ती मिळाली. ते साल एकोणसत्तर. तिनं नाही म्हणायचं ठरवलं होतं. पोशीरला जाऊन तसं बोललीही.

सुंदरा सूप खाली ठेवून म्हणाली, "नाय कशापायी? जा गं तू. वरीस म्हंजी काय, एक भात निगंल तवर येशील."

"आणि चिमा?"

"मी हाय ना. तुला इसरू नाय देनार तिला. शपथ घेऊन सांगते."

जाण्याआधी वाल्मिकनं कर्जतला फोटोग्राफरकडे बायकोचा फोटो काढून घेतला. काठाचं लुगडं, खांद्यावरून पुढं घेतलेली वेणी. तो फोटो चौकटीत घालून सुंदरानं पोशीरच्या घरात भिंतीवर लावला. रोज चिमाला कडेवर घेऊन ती त्याच्यापुढं उभी राहायची. "ही कोन? आई. सांग, आई."

जयवंता ज्या गावी गेली त्याचं नाव ग्रनोबल. चारी बाजूंनी डोंगर आणि डोंगरांवर बर्फ. वर्गात तिला पहिल्या दिवसापासून समजायला लागलं. फ्रेंच प्राध्यापक 'स्वा' म्हणाले की 'समजा', 'दोंक' म्हणाले की 'म्हणून', आणि मधलं सगळं फळ्यावर. पाववाल्या बाईचं बोलणं मात्र कळेना. ती भरभर काहीतरी विचारायची आणि जयवंता नुसतं बोट दाखवून पाव घ्यायची. दिवाळीच्या सुमारास एकदा ती त्या बाईशी अख्खं वाक्य बोलली, आणि बाईनं कौतुकानं तिला एक गोड पाव तसाच देऊन टाकला. हे सांगताना जयवंताबाईंचा चेहरा असा काही उजळला की मी बघतच राहिले.

"तिकडं मी कुणाची सून नव्हते, कुणाची जाऊ नव्हते," त्या म्हणाल्या. "सकाळी उठायचं, एक गणित डोक्यात घ्यायचं, ते दिवसभर पुरायचं." मग डब्याला झाकण लावत म्हणाल्या, "कुणाची आईही नव्हते."

वर्ष सरत आलं. तिथल्या प्राध्यापकांनी तिला आणखी एक वर्ष राहायला सुचवलं, शिष्यवृत्तीही वाढवून दिली. तिनं वाल्मिकला कळवलं. त्याचं उत्तर आलं, तुझं तू ठरव, चिमा मजेत आहे. चिमा मजेत आहे, हे तिनं स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि राहिली.

एकाहत्तरच्या मे महिन्यात ती परत आली. वाल्मिक घ्यायला विमानतळावर आला होता. मोहोपाड्याला न जाता दोघं तडक पोशीरला गेली. अंगणात गावच्या बायका जमलेल्या. जयवंतानं चिमासाठी आणलेली बाहुली हातात धरली होती. जयवंताचे केस आता खांद्याइतकेच होते, आणि उन्हाची सवय मोडल्यानं डोळे बारीक झाले होते.

चिमा सुंदराच्या लुगड्याच्या निऱ्यांमागं उभी होती.

"चिमे, आई आली बग," सुंदरा म्हणाली. "जा, आईकडं जा."

पोरीनं जयवंताकडं नीट पाहिलं. मग मान हलवली आणि दारातून आत बोट दाखवलं. "आई भितीवर हाय," ती म्हणाली. "ही कोन गं, आये?"

'आये' ती सुंदराला म्हणाली होती. तसं तिला कुणी शिकवलं नव्हतं. सुंदरा तिला काकी म्हणायला लावायची, पण पोरगी आपली आपणच आये म्हणायला लागली होती. पहिले काही दिवस सुंदरानं तिला अडवलं, मग तिच्याच्यानं अडववेना. आई हा शब्द चिमाला त्या फोटोपुरता ठाऊक होता. रोज संध्याकाळी ज्याच्यापुढं हात जोडायचे ते चित्र.

अंगणातल्या बायका हसल्या. सुंदरा मात्र एकदम खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. "मी रोज दाखवत व्हते गं," ती म्हणाली. "एक दीस चुकवला नाय."

"ठाऊक आहे मला," जयवंता म्हणाली. तिनं बाहुली ओटीवर ठेवून दिली.

चार दिवसांनी ते चिमाला मोहोपाड्याला घेऊन आले. लहान मूल आहे, रुळेल, असं सगळेच म्हणत होते. चिमा रुळली नाही. ती रडायचीही नाही. दाराशी फतकल मारून बसायची आणि कॉलनीच्या रस्त्याकडं बघत राहायची. जयवंतानं भात कालवून घास पुढं केला की तोंड उघडायची, घास गालात धरून ठेवायची आणि नंतर मोरीत जाऊन थुंकायची. जयवंता गाणी म्हणायची, बाहुली नाचवायची. पोरगी पाहुण्याच्या घरी वागावं तशी वागायची, काही मागायची नाही, कशाला हात लावायची नाही. मग तिला ताप भरला. डॉक्टरांनी औषध दिलं, ताप उतरला, पुन्हा चढला. ग्लानीत ती आये, आये करत होती.

शेवटी एक दिवस जयवंतानंच तिला उचललं. वाल्मिक म्हणाला, "अजून थोडं थांबूया." ती म्हणाली, "नको. वाळत चाललीय ती."

पोशीरला पोचले तेव्हा सुंदरा ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. तीही अर्धी झाली होती. गजा म्हणाला की तिनंसुद्धा अन्न टाकलंय. चिमा तिला बघताच जयवंताच्या कडेवरून झेपावली. सुंदरानं हात पुढं केले आणि मधेच मागं घेतले.

"आदी सांग," ती जावेला म्हणाली. "परत नेयाची हाय का? नेयाची असंल तर आज ठेवू नको. पोर तुजी हाय, मी नाय म्हननार नाय. पन मला हे सारकं सारकं नाय सोसनार. तिलाबी नाय."

जयवंता पोरीला धरून तशीच उभी राहिली. चिमा तिच्या हातांतून सुटायला सगळ्या अंगानिशी जोर करत होती.

"राहू दे तुमच्याकडं," ती म्हणाली, आणि हात सैल केले.

त्यानंतर पोशीरला चिमा जयवंताला काकी म्हणू लागली. कुणी ते बदललं नाही. जयवंताला पुढं मूल झालं नाही. ग्रनोबलच्या प्राध्यापकांकडून डॉक्टरेटसाठी बोलावणं आलं. वाल्मिक म्हणाला, "जा ना. आता कोण अडवतंय तुला?" तो मनापासून म्हणाला होता, टोमणा नव्हता, पण तेच तिला जास्त लागलं. ती गेली नाही. कर्जतच्या शाळेत नोकरी धरली आणि रविवारी पोशीरला जायची. चिमासाठी काही ना काही न्यायची. चिमा ते घ्यायची आणि आयेला दाखवायला पळायची.

चिमा अकरा-बारा वर्षांची झाली तोवर गावानं तिला खरं काय ते सांगून टाकलं होतंच. तिनं घरी कधी काही विचारलं नाही. दहावीच्या वर्षी मात्र ती गणितासाठी सुट्टीत मोहोपाड्याला राहायला आली. पहिल्यांदाच, आपणहून. बाई सांगत होत्या की त्या दिवसांत बाजारात गेल्या तरी त्या घरी घाईघाईनं परतायच्या. पोरीची समज चांगली होती. एका दुपारी दोघी भूमितीचं प्रमेय सोडवत बसल्या असताना चिमानं खाली बघतच विचारलं, "काकी, दुसरं वर्ष तुमाला रावावंच लागलं व्हतं का?"

बाई म्हणाल्या, "हो म्हणणं किती सोपं होतं. तिलाही तेच हवं होतं, म्हणजे तिला मला माफ करता आलं असतं. पण समोर प्रमेय उघडं होतं आणि तोंडातून खोटं निघेना."

त्यांनी सांगितलं, "नाही. मला राहायचं होतं."

चिमानं मान हलवली. मग पट्टी घेऊन पुढची रेघ मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोशीरला निघून गेली. दहावीला तिला गणितात चांगले गुण मिळाले. पेढे घेऊन गजा आला.

चौऱ्याऐंशीत सुंदराला कावीळ झाली. अंगारे झाले, झाडपाला झाला, शेवटी दवाखानाही झाला. आठ दिवसांत ती गेली. मी बाईंबरोबर पोशीरला गेले होते. अंगणात बायकांनी सुंदराला निजवलं होतं आणि चिमा तिच्या पायांशी कोरड्या डोळ्यांनी बसली होती. कुणालाही हात लावू देत नव्हती. बाई जवळ जाऊन बसल्या. त्यांनी तिला हात लावला नाही, नुसत्या बसल्या. बऱ्याच वेळानं चिमाच त्यांच्या मांडीवर कोसळली.

"काकी, माजी आये गेली गं!" ती ओरडली. "मी पोरकी झाले!"

बाईंचा हात तिच्या पाठीवर फिरत होता. तान्ह्या मुलाला थोपटावं तसा. त्या एवढंच म्हणत होत्या, "हो बाळा. हो. गेली."

परतताना बसमध्ये मी त्यांच्या शेजारी होते. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. नेरळ मागं पडल्यावर म्हणाल्या, "परत आल्यापासून आज पहिल्यांदा ती आपणहून माझ्या कुशीत आली." आणि मग शाळेत कधी न रडलेल्या जयवंताबाई पदरात तोंड घालून रडल्या, कर्जत येईपर्यंत.

दोन वर्षांनी चिमाचं लग्न झालं. पुरोहितांनी मुलीच्या आईला पुढं बोलावलं तेव्हा मांडवात क्षणभर कुणी हललं नाही. मग गजानंच बाईंना हाताची खूण केली, आणि त्या वाल्मिकच्या शेजारी पाटावर जाऊन बसल्या. चिमानं त्यांच्याकडं पाहिलं नाही. पाठवणीच्या वेळी ती 'दादा, दादा' करत गजाच्या गळ्यात पडून रडली, मग बाईंच्या पाया पडली आणि म्हणाली, "काकी, दादांना आता कोन नाय. त्यांच्या जेवनाकडं बगाल ना?"

"बघेन," बाई म्हणाल्या.

त्यांनी शब्द पाळला. बिऱ्हाड पोशीरला हलवलं. शाळा सुटली की कर्जतहून नेरळमार्गे घरी जाऊन थोरल्या दिराचा स्वयंपाक करतात. चिमा सणाला माहेरी येते, दादांजवळ बसते, काकीच्या हातचं जेवते आणि दुसऱ्या दिवशी परत जाते.